पावसाळी बंदी वेगळी, पिल्लांची बंदी वेगळी

ऑगस्ट उजाडला की मासळीबाजारात एक वाक्य हमखास कानावर येतं: "दोन महिने बंदी पाळली ना, मग आता चार पिल्लं आली जाळ्यात तर काय बिघडलं?" बोलणारा खोटं बोलत नसतो, बंदी त्याने खरंच पाळलेली असते. घोटाळा एवढाच की 'मासेमारी बंदी' म्हणताना आपण दोन निराळे नियम एकाच टोपलीत टाकतो.

एक नियम तारखेचा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. पूर्वी ही मुदत नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, जे आधी येईल तोवर असायची. आजही कितीतरी कोळीवाड्यांत दर्याला नारळ दिल्याशिवाय बोट निघत नाही, ती या जुन्या शहाणपणाची खूण. पावसाळ्यात बऱ्याच जातींची मासळी अंडी घालते, शिवाय खवळलेल्या दर्यात खलाशांच्या जिवाला घोर असतो.

दुसरा नियम पट्टीचा. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा ११०, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याहून लहान मासळी धरायची नाही, महिना कोणताही असो. (त्याच वर्षी पापलेट 'राज्य मासा' झाला. मान मिळाला, पण पिल्लू पापलेटाचे वाटे काही बाजारातून गेले नाहीत.)

तारखेचा नियम अंड्यावर आलेल्या मादीला उसंत देतो. पण त्या अंड्यांतून निघालेली पिल्लं बंदी उठते तेव्हा जेमतेम बोटभर असतात. १ ऑगस्टला सगळ्या बोटी एकदम सुटतात आणि जाळ्याची खोळ, म्हणजे मासळी साठते ते शेवटचं टोक, बारीक आसाची (छिद्रांची) असेल, तर जून-जुलैत जे वाचवलं तेच पुढच्या काही महिन्यांत उपसलं जातं. बोंबलासारख्या माशाची वीण तर जवळजवळ वर्षभर चालते, त्याला दोन महिन्यांचं कुलूप अपुरंच. म्हणून बंदी ९० दिवसांची करा, अशी मागणी ऐकली की मला वाटतं, रोग बरोबर ओळखलाय पण औषध अर्धंच दिलंय.

नुकसानही दोन तऱ्हांचं असतं. अंडी घालणारी मासळीच कमी उरली, तर पुढच्या वर्षी बीजच नाही. दुसरं नुकसान पटकन दिसत नाही. बीज भरपूर आहे, पण पीक ओंबीत भरण्याआधीच कापलं जातंय. दहा सेंटीमीटरचा पापलेट वीसचा झाला की लांबी दुप्पट होते, वजन मात्र साधारण आठपट भरतं. वर मोठ्या पापलेटाचा किलोमागचा भावही चढा. मधल्या काळात काही पिल्लं मोठ्या माशांच्या तोंडी जातील, हे धरूनही हिशेब थांबणाऱ्याच्याच बाजूने झुकतो. पिल्लांचा ढीग मासळीच्या भुकटीच्या कारखान्यात मातीमोल भावाने जातो. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, त्यासाठी जाळलेलं डिझेल मात्र मोठ्या माशाइतकंच महाग असतं. किमान आकाराचा नियम मला पर्यावरणाइतकाच धंद्याचा वाटतो, तो यामुळे.

केरळने हे आपल्या बरंच आधी, २०१५ पासून, लागू केलं. तिथे किळिमीन, म्हणजे आपला राणी मासा, त्यानंतर वाढल्याचं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवलं आहे.

इथे गिऱ्हाइकाचीही एक गफलत होते. लहान मासा म्हणजे पिल्लू नव्हे. जवळा पूर्ण वाढला तरी बोटाच्या पेरापुढे फारसा जात नाही, मांदेलीही जातीचीच लहान. त्यामुळे कोळणीच्या टोपलीतला जवळा पाहून नाक मुरडण्यात अर्थ नाही, आणि त्याच टोपलीतली वीतभर सुरमई मात्र नक्कीच पिल्लू आहे. म्हणूनच लांबी जातीगणिक वेगळी ठरवावी लागली.

अंमलबजावणीत मात्र पट्टीचा नियम तारखेपुढे लंगडा पडतो. बंदीत बोट धक्क्याला आहे की नाही, हे कुणालाही दिसतं. आकाराचं तसं नाही. ट्रॉलच्या (बोटीमागे ओढत नेतात त्या) किंवा डोलीच्या (प्रवाहात एका जागी उभ्या केलेल्या) जाळ्यात सगळी मासळी मिसळून येते, वर येईतो बहुतेक मेलेली असते, आणि मेलेलं पिल्लू परत पाण्यात टाकून दर्याचं काहीच भलं होत नाही. नुसता दंड लावला तर पिल्लं धक्क्यावर दिसेनाशी होतील, मरायची मात्र थांबणार नाहीत.

म्हणून पट्टी माशाआधी जाळ्याला लावायला हवी. नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस ओढ बसली की मिटतो, चौकोनी आस उघडा राहतो आणि पिल्लू जिवंत निसटतं. ट्रॉलच्या खोळीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावणं अवघड नाही. डोलीवाल्यांचा प्रश्न खरोखर अवघड आहे. त्यांचं जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर उभं असतं, बोंबील-जवळ्यासाठी शेवटाला बारीक आस लागतोच, आणि ही माणसं मोठ्या बोटीवाल्यांइतकी सावरलेली नाहीत. त्यांच्यावर ट्रॉलरचाच नियम लादणं अन्याय होईल. पिल्लांचा थवा किनाऱ्याला लागतो त्या आठवड्यांत, त्या-त्या गावाने ठरवून, डोली उचलायची आणि त्या दिवसांची भरपाई द्यायची, असा काही मार्ग काढावा लागेल.

ट्रॉलरसाठी तर नवी यंत्रणाही नको. परवान्याचं नूतनीकरण आणि डिझेलचा परतावा या दोन्हींसाठी बोटमालक मत्स्य खात्याकडे येतोच. त्याच वेळी खोळीचा आस मोजायचा, आणि तो भरला नाही तर परताव्याचा कागद पुढे सरकवायचा नाही.