अँबियंट म्युझिक ऐकणं (नागपूर)

ज्यात ठेका नाही, मुखडा-अंतरा नाही, लक्ष देऊन ऐका नाहीतर सोडून द्या, कशानंच बिघडत नाही असं संगीत म्हणजे अँबियंट. नागपुरात याचा खरा सीझन मे महिना. पारा ४५ च्या वर, दुपारी सीताबर्डीच्या बाजारात पण शुकशुकाट, आणि घरोघरी कूलर सुरू.

कूलर सुरू असताना गाणं ऐकणं म्हणजे भांडण आहे. शब्द कळत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो, मग आतून कोणीतरी ओरडतं, कमी कर बे! अँबियंटचं तसं होत नाही. पंख्याची घरघर आणि ताटीवरून टाकीत गळणारं पाणी यांच्या बरोबरीनं आवाज ठेवला की सिंथ (सिंथेसायझर) कुठे संपला आन् कूलर कुठे सुरू झाला ते कळतच नाही. बाहेरचा आवाज मारणारे नॉईज कॅन्सलिंगचे महागडे हेडफोन लावून हे ऐकणाऱ्यांचं मला नवल वाटतं, अर्धी मजा तर तिथेच गेली ना.

मुळात हा प्रकार सुचलाच असा. १९७५ च्या सुरुवातीला ब्रायन ईनो हा इंग्लिश संगीतकार अपघातानंतर घरी पडून होता, हार्पची रेकॉर्ड लावली तर आवाज अगदीच कमी, त्यात स्टिरिओची एक बाजू बंद, उठून वाढवायची ताकद नव्हती, बाहेर पाऊस, मग त्यानं तसंच ऐकलं. पुढे त्याचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम आला. त्यातल्या एका तुकड्यात गायलेले एकेक सूर वेगवेगळ्या लांबीच्या टेपवर फिरत राहतात, एक साधारण साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा सव्वीसेक, तिसरा तीसेक, त्यामुळे त्यांची गाठ दरवेळी वेगळ्याच जागी पडते. फ्रान्सच्या एरिक साती या संगीतकारानं तर १९१७ मध्येच फर्निचरसारखं नुसतं खोलीत असणारं संगीत लिहून ठेवलं होतं.

आपल्याकडे कोणालाही ऐकवलं की म्हणतात, हा तर तानपुरा झाला. अर्धं खरं आहे. ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकले आणि एकच सूर धरून बसणाऱ्या तिकडच्या संगीतात त्यांचं नाव मोठं आहे. पण तानपुरा गवयासाठी असतो, इथे गवई येतच नाही, बसा वाट पाहत.

लाईन गेली की मात्र गंमत. कूलर बंद पडतो, ब्लूटूथ स्पीकर बॅटरीवर चालूच राहतो, आणि इतका वेळ दबलेली रेकॉर्डिंगमधली टेपची खरखर, खालून जाणारा भंगारवाला, सगळं एकदम वर येतं. दहा मिनिटं वेगळाच अल्बम. मग गरम होतं आन् संगीत-बिंगीत सुचत नाही.

पावसाळ्यात कूलर बंद झाला की नुसत्या सिंथचे थर असलेले तुकडे मला पोकळ वाटतात, पियानोवाले टिकतात.