आवाज गेला म्हणजे डिकोडर जळला?

डीसीसीवर (रुळांतून डिजिटल हुकूम पाठवायच्या पद्धतीवर) चालणारं मॉडेल रेल्वेचं इंजिन धावतंय, दिवे लागतायत, पण आवाज नाही. लगेच निदान होतं : ‘डिकोडर (इंजिनातला, ते हुकूम पाळणारा सर्किट बोर्ड) जळला, नवा घाला.’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो.

आधी कंट्रोलरवरचं एफ८ (फंक्शन ८) दाबून बघा. अनेक डिकोडरांत हेच म्यूटचं बटण असतं. काहींत आवाज एफ१ वर सुरू होतो. हसू येईल, पण कित्येक ‘जळलेली’ इंजिनं इथेच जिवंत होतात. मग मास्टर व्हॉल्यूमचा सीव्ही (डिकोडरमधलं क्रमांक दिलेलं सेटिंग) वाचा. ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड डिकोडरांत तो सीव्ही ६३ आहे. त्यात ० लिहिलेलं असेल तर डिकोडर बिचारा हुकूम पाळतोय.

खरा संशयित बहुधा स्पीकर असतो. त्याच्या केसासारख्या बारीक तारा बॉडी उघडता-लावताना सोल्डरच्या टाक्यापाशीच तुटतात. वरून जोडलेल्या दिसतात, चिमट्याने हलवलं की सुटून येतात. स्पीकर डिकोडरपासून वेगळा करा आणि १.५ व्होल्टचा सेल त्याच्या टोकांना क्षणभर टेकवा. ‘टक्’ आलं तर स्पीकर ठीक आहे.

रिसेट शेवटी करा. बऱ्याच डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहितात. त्यानंतर इंजिनाचा पत्ता (ज्या क्रमांकाने कंट्रोलर त्याला हाक मारतो तो) पुन्हा ३ होतो, आणि जुन्या पत्त्यावर हाका मारत बसलेला माणूस म्हणतो, ‘आता तर पूर्णच मेलं!’

डिकोडर कधीच जळत नाही असं नाही. स्पीकरची उघडी तार धातूच्या चासीला टेकली तर डिकोडरमधला, स्पीकरला आवाज पुरवणारा अँप्लिफायर खरंच जाऊ शकतो.