लादिनो : देश सुटला तरी टिकलेली भाषा मग संपत का आली

लादिनो म्हणजे स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंची स्पॅनिश, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं, आणि मग वाटतं की १४९२ पासूनच ती मरायला लागली असणार. पण उलटं आहे. वेगळी भाषा म्हणून ती घडली, वाढली ती देश सुटल्यावरच, चांगली चारशे वर्षं, आणि खरी पडझड झाली गेल्या दीडशे वर्षांत.

३१ मार्च १४९२ ला स्पेनची राणी इसाबेला आणि राजा फर्डिनांडने ज्यूंसाठी फर्मान काढलं, जुलैअखेरपर्यंत ख्रिश्चन व्हा नाहीतर चालते व्हा. खूप जण शेजारच्या पोर्तुगालला गेले, तिथे १४९७ मध्ये जबरदस्तीने बाप्तिस्मे झाले. (अशाच एका घरातला गार्सिया दा ओर्ता पुढे गोव्यात आला, औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ ला गोव्यातच छापलं, आणि तो गेल्यावर १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. आपल्याच भूमीवर झालेलं हे, आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.)

काही मोरोक्कोला गेले, त्यांची बोली हाकेतिया. पण मोठा लोंढा गेला ऑटोमन साम्राज्यात, सुलतान दुसऱ्या बायझिदने त्यांना थारा दिला. इस्तंबूल, इझमीर, सारायेवो, आणि सगळ्यात महत्त्वाचं सलोनिका, म्हणजे आजच्या ग्रीसमधलं थेस्सालोनिकी. सोळाव्या शतकात तिथे निम्म्याहून जास्त लोक ज्यू होते, पुढे शतकानुशतकं बंदरातले हमालसुद्धा ज्यू, त्यामुळे शनिवारी बंदर बंद! अशा गावात भाषा जपावी लागतच नाही, ती रस्त्यावर असते. पाया कास्तिलियन, म्हणजे जिच्यातून आजची स्पॅनिश झाली ती बोली, त्यात पोर्तुगीज, कातालान मिसळलं, धर्माचे शब्द हिब्रू, बाजारातले आणि स्वयंपाकघरातले तुर्की, आणि उच्चार बरेचसे पंधराव्या शतकातले, जे स्पेनमध्ये नंतर बदलून गेले. लिहायची हिब्रू अक्षरांत, छापायला राशी लिपी आणि हाताने लिहायला सोलित्रेओ. १७३० मध्ये इस्तंबूलला याकोव हुलीने ‘मेआम लोएझ’ सुरू केलं, हिब्रू न येणाऱ्या साध्या माणसांना बायबल समजावं म्हणून.

मग १८६० मध्ये पॅरिसला आलियान्स इस्राएलित युनिव्हर्सेल ही ज्यूंचीच संस्था निघाली आणि तिच्या फ्रेंच शाळा गावोगावी आल्या. हेतू वाईट नव्हता, मुलांना नोकऱ्या मिळाव्यात, जग कळावं. पण वर्गात घरची भाषा म्हणजे भ्रष्ट बोली असं शिकवलं गेलं आणि शिकलेल्या घरांतून आधी तीच गेली. माझ्या मते सगळ्यात खोल घाव हाच, कारण तो आपल्याच माणसांनी प्रेमाने घातला. त्याच काळात लादिनो वर्तमानपत्रंही जोरात होती, सलोनिकाचं ‘ला एपोका’ १८७५ चं.

त्यानंतर साम्राज्य तुटलं. सलोनिका १९१२ मध्ये ग्रीसकडे गेलं, १९१७ च्या आगीत ज्यू वस्तीचा मोठा भाग जळाला. तुर्कस्तानात १९२८ ला रोमन लिपी आली, लादिनोही हिब्रू अक्षरं सोडून तिच्यात गेली, आणि त्याच वर्षी ‘नागरिकांनो, तुर्की बोला’ ही मोहीम, म्हणजे नातवंडांना आजोबांची पत्रं वाचता येईनात आणि बाहेर ती भाषा बोलायचीही भीती. आणि १९४३, मार्च ते ऑगस्ट, सलोनिकातून ४५ हजारांवर माणसं नाझींनी आउशवित्झला नेली, बहुतेकांना पोचल्यापोचल्या मारलं. एका शहराची भाषा काही महिन्यांत गेली.

जे वाचले ते इस्राएलला हिब्रूत, अमेरिकेत इंग्रजीत गेले. इस्राएलमध्ये ‘सेफार्दी’ हे मूळचं स्पेनच्या ज्यूंचं नाव तर इराकी, येमेनी ज्यूंनाही लागू लागलं, ज्यांच्या घरात लादिनो कधी नव्हतीच, म्हणजे ओळख पसरली पण भाषा तिच्यामागून गेली नाही.

२०१५ मध्ये स्पेनने हाकललेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व द्यायचा कायदा केला, २०१९ पर्यंत लाखावर अर्ज आले. लादिनो येणं हा वंशाचा एक पुरावा धरला होता, पण त्यासोबत स्पॅनिश न बोलणाऱ्या देशांतल्या बहुतेकांना आजच्या स्पॅनिशची परीक्षाही द्यावी लागली, हे मला अजिबात पटलं नाही. इस्राएलने १९९७ मध्ये लादिनोसाठी सरकारी संस्था नेमली, आणि इस्तंबूलमध्ये २००५ पासून ‘एल आमानेसेर’ हे मासिक निघतं, पूर्ण लादिनोत.