पाण्याखालचा हरवलेला लाल रंग: दुरुस्तीची पार्श्वभूमी

तारकर्लीहून परतलेला मुंबईकर डायव्हर आपले फोटो संगणकावर उघडतो, तेव्हा हिस्टोग्राममध्ये, म्हणजे चित्रात कोणता रंग किती उजळ आहे हे दाखवणाऱ्या आकृतीत, लाल रंगाचा आलेख डाव्या, अंधाऱ्या कडेला चेपून बसलेला असतो. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. शिवाय पृष्ठभागापासून वस्तूपर्यंत आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत, असे दुहेरी अंतर प्रकाशाला पाण्यातूनच कापावे लागते.

यावरचा पहिला उपाय प्रकाश सोबत नेण्याचा होता. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे टिपली. त्या काळच्या ऑटोक्रोम काचा, म्हणजे रंगीत छायाचित्रणाच्या काचपट्ट्या, प्रकाश टिपायला इतक्या मंद होत्या, की तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवावा लागे. पुढे स्ट्रोब, म्हणजे पाण्याखाली चालणारे फ्लॅश दिवे, आणि लाल फिल्टर आले.

१९९० मध्ये फोटो दुरुस्तीचे सॉफ्टवेअर फोटोशॉप बाजारात आले आणि दुरुस्ती किनाऱ्यावर बसून होऊ लागली. डिजिटल चित्रात लाल, हिरवा आणि निळा यांची माहिती वेगवेगळ्या थरांत, म्हणजे चॅनलमध्ये, असते; त्यातल्या हिरव्या चॅनलमधली माहिती लाल चॅनलमध्ये मिसळण्याची युक्ती रूढ झाली. ती उपयोगी आहे, पण तिने आलेला लाल उसना असतो. जेपेग या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये प्रत्येक रंगाला उजळपणाच्या २५६ पायऱ्या मिळतात. त्यांतल्या तळाच्या वीस-पंचवीसच लालाच्या वाट्याला आल्या असतील, तर रंग वाढवणारा स्लाइडर ओढताच माशाच्या अंगावर रवाळ लाल ठिपके उमटतात. कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये याच पायऱ्या १६,३८४ असतात, त्यामुळे माझ्या मते खरा पालट रॉ फाइलने घडवला.

तरीही दूरच्या वस्तूचा रंग जवळच्यापेक्षा अधिक हरवतो आणि एकच स्लाइडर सगळ्या चित्राला पुरत नाही. देर्या अक्कायनाक आणि ताली त्राइबिट्झ यांनी २०१९ मध्ये मांडलेली ‘सी-थ्रू’ पद्धत म्हणूनच चित्रातल्या प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर हिशेबात घेते आणि विखुरलेल्या प्रकाशाचा धूसरपणा वेगळा काढून टाकते.

मुंबईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळवसाहती कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये हलवण्यात आल्या, आणि अशा प्रवाळांची छायाचित्रे ही त्यांच्या प्रकृतीची नोंदच असते. इथल्या गढूळ पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये निळा प्रकाशही शोषतात. त्यामुळे निळ्या समुद्रासाठी बेतलेली तयार सेटिंग लावली, तर हिरवी झाक तशीच राहून वर पिवळेपणा चढतो. रंग उडणे हेच प्रवाळाच्या आजाराचे लक्षण असल्याने अंदाजाने भरलेला रंग ती नोंद बिघडवतो. फोटो घेतानाच चौकटीत, प्रवाळाइतक्याच अंतरावर, राखाडी पट्टी ठेवली, तर व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे रंगांचा तोल साधणारा, ड्रॉपर तिच्यावर टेकवता येतो आणि रंग अंदाजाने भरावा लागत नाही.