निचरानळीची रचना आणि द्रवप्रवाह

शरीरात साचलेला पू, लघवी, पाणी किंवा छातीतली हवा बाहेर काढण्यासाठी बसवलेली पोकळ, लवचीक नळी म्हणजे निचरानळी. डॉक्टर तिला ड्रेन किंवा कॅथेटर म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे नातेवाईक फोनवर एवढंच सांगतात: ‘नळी घातलीया.’

नळीचा नंबर ‘फ्रेंच’ मापात असतो. 19व्या शतकात पॅरिसमधले उपकरणकार शारिएर यांनी ते रूढ केले. 1 फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश. म्हणजे 12 फ्रेंच नळी 4 मिलिमीटर जाड. मात्र हा व्यास बाहेरचा, आणि द्रव वाहतो आतून. फोले कॅथेटरमध्ये (टोकाच्या फुग्याने मूत्राशयात टिकून राहणाऱ्या लघवीच्या नळीत) तर फुगा भरण्याची वेगळी वाटही त्याच जाडीत बसवावी लागते, त्यामुळे लघवीला जागा आणखी कमी उरते. नंबर पाहून प्रवाहाचा अंदाज बांधणे म्हणूनच फसवे.

फ्रेंच शास्त्रज्ञ प्वाझय यांच्या नियमानुसार संथ प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. आतला व्यास 2 वरून 3 मिलिमीटर केला की प्रवाह सुमारे 5 पट होतो. लांबी निम्मी केली तर फक्त दुप्पट. द्रव जितका दाट, तितका प्रवाह मंद. पू हा नियम काटेकोर पाळत नाही. त्यातल्या गुठळ्या नळीच अडवतात, म्हणून सलाइनने ती धुवावी लागते.

चिकोडी-रायबागच्या ऊसपट्ट्यात हे वेगळे शिकवावे लागत नाही. अडीच इंची पाइपलाइनीत मध्येच एक इंची कॉक बसवला, तर शेवटच्या सरीला पाणी पोचायला किती वेळ लागतो हे शेतकरी जाणतो. जाड ड्रेनला अरुंद भोकाचा थ्री-वे कॉक (तीन तोंडांची छोटी तोटी) जोडला की तेच होते.

टोकाजवळची बाजूची भोके वाढवून फायदा होतो, पण मर्यादित. बहुतेक द्रव बाहेर जोडलेल्या पिशवीकडच्या पहिल्या एकदोन भोकांतूनच आत शिरतो. पुढची भोके मुख्यतः राखीव, पहिली बुजली तर उपयोगी. भोके फार झाली की नळी कमकुवत होऊन मुडपते. एखादे भोक पोकळीबाहेर राहिले तर द्रव ऊतकांत किंवा ड्रेसिंगमध्ये झिरपतो. पिगटेल नळीचे शेपटासारखे वळलेले टोक तिला जागेवर धरून ठेवते. भोके त्या वळणाच्या आतल्या अंगाला असली तर पोकळीच्या भिंतीला चिकटून सहसा बंद होत नाहीत.

नळी कितीही चांगली असली तरी उरलेले काम उतार करतो. खाटेवरून लोंबणाऱ्या नळीला खाली झोळ पडला, की त्यात साचलेला द्रव उलट दाब देतो. डिस्चार्जनंतर गावाकडच्या बसमध्ये लघवीची पिशवी लाजेने मांडीवर घेऊन पदराखाली झाकली जाते. ती मूत्राशयाच्या वर गेली की निचरा थांबतो, आणि पिशवीत उलटा प्रवाह अडवणारी झडप नसेल तर लघवी मागेही फिरते. पिशवी गुडघ्याखाली, पण बसच्या फरशीला न टेकता धरावी.