मैलापाणी वाहिनी आणि पावसाळी वाहिनी: रस्ता एक, नियम दोन

एकाच रस्त्याखाली गाडलेल्या दोन सार्वजनिक वाहिन्यांपैकी एकीत घराघरांतील संडास, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांचे पाणी जाते, तर दुसरीत छपरांवरून, अंगणांतून आणि रस्त्यांवरून वाहून आलेले पावसाचे पाणी. पहिली मैलापाणी वाहिनी, दुसरी पावसाळी वाहिनी. दोन्हींची झाकणे पुष्कळदा सारखीच दिसतात, पाइपही सारखेच असतात आणि देखभालही बहुतेक ठिकाणी नगरपालिकेकडेच असते. त्यामुळे घरमालक आणि दुरुस्तीला आलेला प्लंबर, इतकेच नव्हे तर कधीकधी बांधकामाचा ठेकेदारही, जी वाहिनी जवळ सापडेल तिला जोडणी देऊन मोकळा होतो. पालिकांच्या नियमावल्या मात्र या दोन वाहिन्यांबाबत जवळजवळ उलट बोलतात. एकीत जे सोडणे बंधनकारक असते, ते दुसरीत सोडणे गुन्हा ठरतो.

याचे कारण वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला आहे. मैलापाणी वाहिनीतील पाणी शुद्धीकरण केंद्रात पोचते आणि तेथे प्रक्रिया होऊन बाहेर पडते. पावसाळी वाहिनीतील पाणी बहुतेक ठिकाणी कोणत्याही प्रक्रियेविना जवळच्या नाल्यात, नदीत, तळ्यात किंवा समुद्रात उतरते. नियमावलीतील एखादे कलम अनाकलनीय वाटले, तर हे पाणी शेवटी कुठे जाते एवढा प्रश्न विचारावा. बहुतेक वेळा कलमाचा अर्थ लगेच लागतो.

या दोन प्रवाहांची सरमिसळ नियमांनीच घडवून आणल्याचे उदाहरणही इतिहासात आहे. लंडनमधील जुनी सार्वजनिक गटारे पावसाच्या पाण्यासाठी होती आणि त्यांत घरातील मैला सोडायला १८१५ पर्यंत मनाई होती. मैला घराखालच्या खड्ड्यांत साठवला जाई आणि उपसून नेला जाई. १८१५ मध्ये ही मनाई उठली, आणि १८४८ च्या सुमारास तर खड्डे बुजवून गटाराला जोडणी घेण्याची सक्ती झाली. हेतू घरे स्वच्छ करण्याचा होता. परिणाम असा झाला की शहराचा मैला सरळ थेम्स नदीत जाऊ लागला, आणि त्याच नदीचे पाणी शहरातील असंख्य लोक पीत होते. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाजही अवघड झाले, तेव्हा कुठे अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्या योजनेला वेग आला. नदीला समांतर मोठ्या वाहिन्या बांधून मैलापाणी शहराच्या पूर्वेकडे खाली नेण्यात आले. पाऊस आणि मैला मात्र एकाच वाहिनीत राहिले, आणि जोराच्या पावसात जादा पाणी नदीत सोडण्याची दारे ठेवावी लागली. तो जादा प्रवाह अडवण्यासाठी लंडनला अलीकडे २५ किलोमीटर लांबीचा आणि ७.२ मीटर व्यासाचा बोगदा नदीखालून काढावा लागला. २०२५ मध्ये त्याच्या सर्व जोडण्या पूर्ण झाल्या. याउलट अमेरिकेतील मेम्फिस शहरात १८७८ च्या पीतज्वराच्या भीषण साथीनंतर, १८८० पासून अभियंते जॉर्ज वेअरिंग यांच्या आराखड्याप्रमाणे केवळ मैलापाण्यासाठी लहान व्यासाच्या वेगळ्या वाहिन्या टाकण्यात आल्या. वेगळ्या वाहिन्यांच्या पद्धतीचे हे एक गाजलेले आरंभीचे उदाहरण आहे.

आता नियमाच्या त्या बाजूकडे पाहू, जी लोकांना सहसा पटत नाही. मैला पावसाळी वाहिनीत सोडू नये हे सांगावे लागत नाही. पण गच्चीवरचे पावसाचे स्वच्छ पाणी मैलापाणी वाहिनीत सोडले तर काय बिघडते, उलट वाहिनी धुऊन निघेल, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हा समज किती चुकीचा आहे, हे साध्या हिशेबाने कळते. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एका तासात ५,००० लिटर पाणी पन्हळीतून खाली येते. त्याच घरात पाच माणसे राहत असतील आणि प्रत्येकी रोज १३५ लिटर पाणी वापरत असतील, तर वापर ६७५ लिटर. त्यातील सुमारे ८० टक्के वाहिनीत जाते असे धरले, तर रोजचे मैलापाणी ५४० लिटर. म्हणजे नऊ दिवसांचे मैलापाणी जेवढे भरते, त्याहून जास्त पाणी ही एक गच्ची एका तासात वाहिनीत ओतते. अशा दहा-वीस गच्च्या एकाच वाहिनीला जोडलेल्या असल्या की काय होईल, ते सांगायला नको.

मैलापाणी वाहिनीचा व्यास रस्त्यावरच्या पावसाच्या हिशेबाने ठरवलेला नसतो. तो माणसांच्या संख्येवरून आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या प्रवाहावरून ठरतो, आणि पाइपची वरची बाजू हवा खेळती राहावी म्हणून मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. शिवाय घाण तळाशी बसू नये म्हणून प्रवाहाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग मिळेल असा उतार द्यावा लागतो. म्हणून पाइप वाटेल तितका मोठा करूनही भागत नाही, कारण फार मोठ्या पाइपात रोजचे थोडे पाणी रेंगाळते आणि गाळ साचतो. पावसाळी वाहिनीचा हिशेब याहून निराळा आहे. ती किती क्षेत्राचे पाणी घेते, जमीन किती पाणी मुरू देते आणि किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस गृहीत धरायचा, यांवर तिचा आकार ठरतो, आणि कोरड्या दिवसांत ती रिकामी असणे हेच तिच्या प्रकृतीचे लक्षण असते.

वाहिनीच्या आवाक्याबाहेरचे पावसाचे पाणी मैलापाणी वाहिनीत शिरले की ते सर्वांत सखल जागी बाहेर येते. ज्याने गच्ची जोडली त्याच्या घरी ते येईलच असे नाही. उताराच्या खालच्या टोकाला तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या मोरीतून आणि संडासातून ते वर येते, आणि ते नुसते पावसाचे पाणी नसते, सगळ्या गल्लीचा मैला त्यात असतो. या नियमामागचे खरे कारण माझ्या मते हेच आहे: चूक एकाच्या घरात होते आणि शिक्षा दुसऱ्याच्या घरात पोचते. शुद्धीकरण केंद्रातही नुकसान होते. तेथील टाक्यांत सूक्ष्मजंतू वाढवून त्यांच्याकडून घाण खाऊन टाकली जाते. अचानक आलेला लोंढा या जंतूंनाच टाकीबाहेर वाहून नेतो, आणि त्यांची वाढ पूर्ववत होईपर्यंत पाऊस थांबल्यावरही केंद्राचे काम नीट होत नाही. रस्त्यावर तुंबलेले पाणी जावे म्हणून मैलापाण्याच्या चेंबरचे झाकण उचलणे याच कारणाने निषिद्ध आहे, आणि पाण्याखालचे उघडे भोक पादचाऱ्याच्या जिवावर बेतते हे तर वेगळेच.

उलट दिशेची चूक गाजावाजा करत नाही. एखाद्या बाल्कनीत धुलाई यंत्र बसवले जाते, त्याची नळी जवळच्या पावसाच्या पन्हळीत सोडली जाते, आणि त्या दिवसापासून साबणाचे पाणी वर्षभर नाल्यात जाऊ लागते. कुठे काही तुंबत नाही, म्हणून तक्रारही होत नाही. पण पावसाळ्याबाहेर नाल्यात पाणी थोडे असते. त्यात सेंद्रिय घाण मिसळली की ती कुजताना पाण्यातील विरघळलेला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि काळा गाळ साठतो. संडासाची जोडणी अशी चुकली असेल, तर रोगजंतूही थेट नाल्यात जातात.

दोन्ही वाहिन्यांच्या बांधणीतील फरकही नियमांत उतरलेला असतो. मैलापाणी वाहिनीत हवेवाचून घाण कुजते आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. पाइपच्या वरच्या ओलसर भागावर जिवाणू या वायूचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते काँक्रीटला वरून खाऊ लागते. म्हणून वर्षानुवर्षे ठीक वाटणारी वाहिनी एके दिवशी छत कोसळून खचते. हाच वायू माणसाला काही क्षणांत मारू शकतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ हा अंदाज जीवघेणा आहे. घरातील प्रत्येक जोडणीला पाणी धरून ठेवणारा सापळा हवा आणि वायू वर सोडणारी नळी हवी, ही अट त्यासाठीच असते. पावसाळी वाहिनीला लोखंडी जाळी आणि तिच्याखाली वाळू-माती बसण्यासाठी खोलगट चेंबर असतो. तेथे नियमांचा भर पालापाचोळा, बांधकामाची माती आणि कचरा आत जाऊ नये यावर असतो.

व्यावसायिक सांडपाण्याला मैलापाणी वाहिनी खुली असते, पण अटींसह. उपाहारगृहाच्या पाण्यातील तेल-तूप पाइपात थिजून दगडासारखे घट्ट होते, म्हणून वंगण अडवणारी टाकी लावावी लागते आणि ती नियमित उपसावी लागते. न उपसलेली टाकी असून नसल्यासारखीच. कारखान्यांच्या बाबतीत नियम अधिक कडक असतात. अमेरिकेच्या संघीय नियमांत, वाहिनी आणि केंद्राची रचनाच त्यासाठी केलेली नसेल तर, ५.० पेक्षा कमी पीएच असलेले, म्हणजे फार आम्लधर्मी पाणी सार्वजनिक वाहिनीत सोडायला मनाई आहे, आणि एरवी वेगळी मर्यादा मंजूर नसेल तर शुद्धीकरण केंद्रात पोचणाऱ्या पाण्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाईल इतके उष्ण पाणी सोडता येत नाही. आग लागू शकेल असे द्रव तर सर्वत्रच वर्ज्य असतात.

खरा संभ्रम होतो तो ना धड मैल्याच्या, ना धड पावसाच्या पाण्याबाबत. पायाच्या खोदकामातून उपसलेले भूजल स्वच्छ असते, ते मैलापाणी वाहिनीत नको. पण ते गढूळ असेल तर गाळ बसवल्याशिवाय पावसाळी वाहिनीतही सोडता येत नाही. पोहण्याच्या तलावाचे पाणी दिसायला निर्मळ असले तरी त्यातील क्लोरीन जलचरांना घातक असते, म्हणून ते परवानगी घेऊन हळूहळू मैलापाणी वाहिनीत सोडण्याची अट अनेक ठिकाणी असते. गाड्या धुण्याच्या जागेवर छप्पर घालून तेथील पाणी तेल वेगळे करणाऱ्या टाकीतून मैलापाणी वाहिनीत न्यावे, आणि छपरावरचे पाणी मात्र पावसाळी वाहिनीत, अशी विभागणी नियमांना अपेक्षित असते. छप्पर घालायचे ते याचसाठी, की पावसाचे पाणी धुण्याच्या पाण्यात मिसळू नये.

चुकीची जोडणी शोधणे अवघड नाही. दोन-तीन दिवस पाऊस नसताना पावसाळी वाहिनीत पाणी वाहत असेल, तर कोठूनतरी सांडपाणी येत आहे असा संशय घ्यावा. मग एकेका घराच्या संडासात आणि मोरीत निरुपद्रवी रंग ओतून खालच्या चेंबरात तो कोणत्या वाहिनीत उतरतो ते पाहतात. मैलापाणी वाहिनीत धूर सोडण्याची पद्धतही आहे: तो गच्चीच्या पन्हळीतून बाहेर पडला की गच्ची कुठे जोडली आहे, ते कळते.

एक तिसरी परिस्थितीही लक्षात ठेवावी लागते. शहराच्या जुन्या भागांत दोन्ही पाण्यांसाठी एकच संयुक्त वाहिनी असू शकते. तेथेही अनेक नियमावल्या नव्या इमारतीला आपल्या हद्दीपर्यंत दोन स्वतंत्र नळ टाकायला लावतात. रस्त्यात एकच वाहिनी असताना हा खर्च निरर्थक वाटतो. पण उद्या पालिकेने दुसरी वाहिनी टाकली, तर त्या इमारतीला फक्त हद्दीवरचा जोड बदलावा लागतो, आणि ज्यांनी सगळे पाणी आतच एकत्र केलेले असते त्यांना भिंती आणि फरशा फोडाव्या लागतात. याच कारणासाठी, जोडणीची तपासणी खंदक बुजवण्यापूर्वी व्हावी आणि कोणता नळ कोणत्या चेंबरात गेला याचा नकाशा इमारतीच्या कागदपत्रांत राहावा, ही अट केवळ कागदोपत्री न ठेवता प्रत्यक्ष अंमलात आणायला हवी, असे मला वाटते. माती टाकून झाल्यावर दोन्ही नळ दिसेनासे होतात. मग चूक शोधायला पुन्हा रंग, धूर आणि कुदळ लागते.