बास्केटबॉल, विद्यापीठीय महिला (सांगली-सातारा)

विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील मुलींमधून दरवर्षी निवडला जाणारा बारा जणींचा संघ आणि त्या संघापर्यंत नेणारी स्पर्धांची साखळी, या दोहोंचा विचार या नोंदीत केला आहे. असा संघ कायमस्वरूपी नसतो. निवड, शिबिर आणि स्पर्धा आटोपून खेळाडू घरी परतल्या की तो विसर्जित होतो व पुढच्या वर्षी नव्याने उभा राहतो. त्यामुळे त्याचा इतिहास पाहताना संलग्नता, मैदाने आणि नियम कसकसे बदलत गेले हे पाहावे लागते.

खेळाचा जन्म डिसेंबर १८९१ चा. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी तो शोधला, याबद्दल वाद नाही. स्त्रिया तो प्रथम केव्हा खेळल्या, याबद्दल मात्र दोन मते आहेत. प्रचलित मत व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांच्या बाजूचे. नॉर्थअँप्टनच्या स्मिथ महिला महाविद्यालयात त्यांनी १८९२ मध्ये हा खेळ सुरू केला आणि मार्च १८९३ मध्ये पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींचा सामना लावला (बहुधा २२ तारखेस, पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता). दुसरे मत खुद्द नेस्मिथ यांच्या आठवणींवर उभे आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे जवळच्या बकिंगहॅम शाळेतील शिक्षिका व्यायामशाळेत डोकावत, आपल्यालाही खेळायला मिळेल का असे त्यांनी विचारले आणि १८९२ च्या आरंभीच त्या खेळू लागल्या. ही आठवण उतारवयातली आहे, तरी ती नाकारण्याजोगे काही दिसत नाही. स्त्रियांच्या खेळाचा आरंभ म्हणून शिक्षिकांचा मान राखावा आणि महाविद्यालयीन संघाचा आरंभ स्मिथपासून धरावा, हे अधिक सयुक्तिक वाटते. बेरेन्सन यांनी मैदानाचे तीन पट्टे पाडले, पट्टा ओलांडण्यास व हातातील चेंडू हिसकावण्यास बंदी घातली. स्त्रियांसाठी वेगळे नियम करणारी समिती १८९९ मध्ये बसली. दोन विद्यापीठांतील पहिला महिला सामना ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया यांच्यात झाला आणि स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला. जागतिक महिला अजिंक्यपद स्पर्धा १९५३ पासून आणि ऑलिंपिकमधील महिला बास्केटबॉल १९७६ पासून होत आहे.

भारतातील आगमनाबाबतही असाच घोळ आहे. नेस्मिथ यांच्या पहिल्या वर्गातील डंकन पॅटन यांनी १८९४ च्या सुमारास हा खेळ भारतात आणला असे एका बाजूने सांगितले जाते, तर दुसरीकडे १९३० हे आरंभाचे वर्ष दिले जाते. पहिले वर्ष ओळख करून दिल्याचे आणि दुसरे संघटित खेळाचे मानले तर विरोध बराचसा मावळतो. दरम्यान १९२० मध्ये मद्रास येथे हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले. हा खेळ शिकलेले शिक्षक अशा संस्थांतून बाहेर पडू लागल्यानेच तो शाळा-महाविद्यालयांच्या आवारात रुजला, असे मानण्यास जागा आहे. राष्ट्रीय महासंघ १९५० चा.

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चे. आधी मुंबई, १९४९ पासून पुणे आणि १८ नोव्हेंबर १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, असा या भागातील संलग्नतेचा क्रम आहे. २००४ मध्ये सोलापूर जिल्हा वेगळा झाला. २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले आणि सातारा शहरातील तीन जुनी महाविद्यालये त्यात गेली. वैद्यकीय विद्यार्थिनींचे विद्यापीठ तर १९९८ पासून नाशिकचे आहे. परिणामी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मुलगी आणि सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकीतील मुलगी सकाळी एकाच रिंगवर सराव करत असल्या, तरी पश्चिम विभागीय (पश्चिम भारतातील विद्यापीठांच्या) स्पर्धेत त्या एकमेकींसमोर उभ्या राहू शकतात.

स्पर्धेच्या पायऱ्या अशा: आधी विभागीय (विद्यापीठाच्या सांगली, सातारा, कोल्हापूर अशा विभागांची), मग आंतरविभागीय, त्यातून निवड व शिबिर, पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ आणि तेथून अखिल भारतीय. राज्यातल्या विद्यापीठांपुरता ‘अश्वमेध’ महोत्सव निराळा. खरी गाळणी तळाशीच लागते. विभागीय फेरीला मुलींचे संघ थोडे, एखाद-दुसऱ्याला ‘बाय’ (न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश) मिळते आणि पुष्कळ महाविद्यालये बाराऐवजी सात-आठ जणींवर येतात. पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाहेर. सात जणींच्या संघातील तिघी अशा गेल्या की उरलेल्या चौघींवर सामना ओढावा लागतो. नियमानुसार आरंभी पाच जणी हव्यात. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत त्या उभ्या राहिल्या नाहीत तर सामना २०-० ने जातो आणि गुणतक्त्यात शून्य पडते. मैदानात खेळून हरले तर निदान एक गुण मिळतो. खेळ चालू असताना मात्र दोघी शिल्लक असेपर्यंत सामना थांबत नाही.

मैदान २८ बाय १५ मीटर. आखणीत कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे कर्णावरून पाहतात. दोन्ही कर्ण ३१.७६ मी. भरले पाहिजेत. तीन गुणांची रेषा १९८४ मध्ये रिंगपासून ६.२५ मी. वर आली, २०१० मध्ये ६.७५ वर गेली. त्याच वेळी रिंगसमोरचा समलंब चौकोनी पट्टा, म्हणजे ‘डी’, जाऊन ४.९ बाय ५.८ मी. चा आयत आला. जुन्या कोर्टांवर दोन्ही आखण्या एकाखाली एक दिसतात आणि नवख्या मुली पाय चुकीच्या रेषेवर ठेवतात. नवी रेषा आखताना रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडतात. तो अंत्यरेषेच्या आतल्या कडेपासून १.५७५ मी. वर पडला पाहिजे. तेथे खिळा ठोकून ६.७५ मी. ची दोरी फिरवतात. बाजूरेषेपासून ९० सेंमी. वर ती सरळ रेषेला मिळते, तो बिंदू अंत्यरेषेपासून २.९९ मी. वर येतो. जुन्या खांबांचा बाहू आखूड असेल तर ओळंबा मागे पडतो, आणि चुकीच्या बिंदूवरून काढलेला चाप दोन्ही कोपऱ्यांत बिनसतो. रिंगची उंची ३.०५ मी. मुले लोंबकळून ती पुढे वाकवतात, तेव्हा कडेची पुढची बाजूही टेपने मोजावी.

सांगलीची काळी जमीन कोर्टाला घातक. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचे काँक्रीट तडकते. माती खोलवर काढून मुरूम थराथराने दाबणे, वर खडी आणि मगच काँक्रीट, सांधे राखून, हाच उपाय; मुरमाची बचत केलेले कोर्ट दोन-तीन पावसाळ्यांत तडे दाखवू लागते. उतार एकाच दिशेने, शंभरास एक. साताऱ्यात त्रास शेवाळ्याचा. विभागीय स्पर्धा पावसाळ्याच्या शेपटाला आल्या की ब्लीचिंग पावडर टाकून, तारेच्या ब्रशने घासून, धुऊन कोर्ट कोरडे करावे लागते. फक्त झाडले तर वरून कोरडे दिसते आणि पहिल्याच ले-अपला (धावत येऊन रिंगजवळून उडी मारत केलेल्या फेकीला) पाय सटकतो.

मुलींसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत वेगळा आहे तो चेंडूच: ६ क्रमांकाचा, परिघ साधारण ७२-७३ सेंमी., वजन ५१० ते ५५० ग्रॅम. पुरुषांचा ७ क्रमांकाचा त्याहून सुमारे ७० ग्रॅम जड. जिमखान्यात बहुधा सातचेच चेंडू असतात. त्यावर सराव केलेल्या मुलीचा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक) सामन्यात लांब जाऊन मागच्या कडेवर आदळतो. स्पर्धेआधी किमान दोन आठवडे चेंडू बदलावा.

या भागातल्या पुष्कळ खेळाडू खो-खो वा कबड्डीतून येतात. दिशा बदलण्याचा वेग त्यांच्याकडे आयता असतो, म्हणून पूर्ण मैदानावरचा प्रेस (प्रतिस्पर्ध्यांना सर्वत्र चिकटून केलेला बचाव) त्यांना लवकर जमतो. अडते ते पायांत: चेंडू धरल्यावर तिसरे पाऊल पडते आणि ‘स्टेप्स’ जाते, म्हणजे नियमभंग होऊन चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जातो. ले-अप भिंतीजवळ चेंडूविना ‘एक-दोन-वर’ असे मोजत घटवून मगच रिंगवर न्यावा. उडीनंतर गुडघे आत झुकवून, ताठ पायांवर उतरण्याची सवय मोडणे तितकेच निकडीचे. गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांहून काही पट आढळते आणि सिमेंटचे कोर्ट माफ करत नाही.

पात्रतेची कागदपत्रे हा शेवटचा अडथळा. वय सध्या १ जुलै रोजी १७ ते २५ च्या दरम्यान लागते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र आणि फोटोवर शिक्का असलेला पात्रता अर्ज तपासला जातो. पदव्युत्तर वर्गातील विवाहितांची अडचण नेहमीची: दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर सासरचे. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंदीची प्रत सोबत नसेल तर तपासणीच्या टेबलावरच नाव कापले जाते आणि संघ अकरा जणींचा होतो.